शिडीचं दूरस्थ जतन

बाबांशी माझं शेवटचं भांडण झालं ते शिडीवरून. शिडी साधीच, ॲल्युमिनियमची, घडीची. भांडणाचा मुद्दा एवढाच की आमच्या प्रोग्राममध्ये तिची नोंद करताना 'रक्षक' म्हणून बाबांचं नुसतं नाव लिहायचं, की त्या जागी अख्खे बाबा घालायचे.

शुक्रवारची संध्याकाळ होती. मी ऑफिसातून थेट आईबाबांकडे गेले होते आणि हातात कागदी बशीत केकचा तुकडा होता. बाबा जिन्याखालच्या खोलीत स्टुलावर बसले होते, समोर त्यांचा जुना कॉम्प्युटर, मागे भिंतीवर ओळीने टांगलेल्या करवती, पाने आणि पकडी.

"कोण सोडून गेलं?" केककडे बघत त्यांनी विचारलं. आमच्या ऑफिसात केक कापतात तो कोणी नोकरी सोडली तरच, हे त्यांना माहीत होतं.

"टेस्टिंगमधला एक."

"मग तू काय म्हणालीस त्याला?"

"सगळे म्हणतात तेच. तुझ्याबरोबर काम करायला फार आवडलं."

"आवडलं होतं?"

"छे! त्याचा इमेल आला की माझं डोकं दुखायचं."

बाबा खो खो हसले. हसता हसता त्यांनी केकमधली चेरी उचलून तोंडात टाकली आणि म्हणाले, "मग मला काय म्हणशील?"

"तुम्ही आधी काम सोडा. मग सांगते."

"बरं," बाबा म्हणाले, "तोवर शिडीचं बघू." आणि आम्ही भांडायला बसलो.

माझं म्हणणं सरळ होतं. रक्षकाच्या जागी नाव लिहावं, चार अक्षरं, विषय संपला. बाबांचं म्हणणं असं की प्रोग्राममध्ये शिडीला अस्तित्व आहे, ड्रिलला आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनासुद्धा आहे, मग बाबांनीच काय घोडं मारलंय? "मी काय नुसतं नाव आहे?" ते म्हणाले. मी कुरकुरत अख्खे बाबा घातले आणि भिंतीवरची प्रत्येक वस्तू त्यांना जोडून दिली.

निघताना ते म्हणाले, "उद्या ये. शिडीच्या पायाच्या रबरी बुटाची नोंद राहिलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचं आधण उतरायच्या आत, बाबा गेले.

त्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. मला येतं ते प्रोग्राम लिहिणं. आणि बाबांच्या बरोबर मी जो एकच प्रोग्राम लिहिला, त्याची हकीकत इतकी वेडीवाकडी आहे की ती नीट सांगायलाच सगळं बळ लागेल. तर मूळ प्रकरणाकडे येते.

बाबा निवृत्त होण्याआधी बसच्या वेळापत्रक खात्यात होते. गेलेली बस परत डेपोत येणे हे त्यांच्या मते मानवी संस्कृतीचं सर्वोच्च शिखर. निवृत्तीनंतर त्यांनी सोसायटीच्या जिन्याखालची मोकळी खोली ताब्यात घेतली, घरातली हत्यारं तिथे नेऊन टांगली, शेजाऱ्यांनीही आपापली दिली, आणि बिल्डिंगीत ज्याला जे लागेल त्याने ते न्यावं, काम झाल्यावर परत आणावं, अशी सोय सुरू झाली. खोलीचं नाव अर्थातच डेपो. वस्तू परत आली की बाबा खिळ्यावर टांगत आणि म्हणत, "जागेवर आलं." आवाजात असं समाधान, की ऐकणाऱ्याला स्वतःलाच कुठेतरी टांगून घ्यावंसं वाटे.

कोणाकडे काय आहे हे सगळं बाबांच्या डोक्यात. वही नाही, चिठ्ठी नाही. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. त्यांना ती खोली पार्सलं ठेवायला हवी होती.

"काका, मला तुमच्याबद्दल आदर आहे," सेक्रेटरी म्हणाले, "पण ज्या मालमत्तेची नोंद नाही ती मालमत्ता नाही. आणि जिथे मालमत्ता नाही तिथे खोली कशाला? वार्षिक सभेत ठराव येतोय."

बाबांनी डावा कान पुढे केला. इथे सांगायला हवं, की बसच्या इंजिनांच्या शेजारी नोकरी केल्यामुळे बाबांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. नको असलेलं बोलणं सुरू झालं की ते अतिशय आदराने मान वळवून तो कान समोरच्याला देत. सेक्रेटरींना वाटलं, काका फार लक्ष देऊन ऐकताहेत.

पण मुद्दा त्यांना लागला होता. रात्रीच्या जेवणाला मी गेले होते, तेव्हा त्यांनी मला कामाची नेमणूकच दिली. "नोंद हवी. माझ्या डोक्यात नको, या घरात नको, आमच्या कॉम्प्युटरमध्ये तर नकोच, तो मेला कधी दगा देईल सांगता येत नाही. नोंद राहील दूर, तुझ्या घरी. आम्ही इथून बटण दाबायचं, तिथे जतन व्हायचं. जमेल?"

"त्यात काय आहे बाबा! जावामध्ये दोन संध्याकाळचं काम."

"जावांमध्ये?" आई ताट उचलता उचलता म्हणाली. "माझं तर एका जावेशीही दोन संध्याकाळ पटलं नाही."

आता थोडं शास्त्र. जावा ही प्रोग्राम लिहायची एक भाषा. प्रोग्राम चालू असतो तेव्हा त्यात शिडी असते, ड्रिल असतं, माणसं असतात. त्यांना आम्ही ऑब्जेक्ट म्हणतो. प्रोग्राम बंद केला की ही सगळी मंडळी धुरासारखी विरून जातात. त्यांना दूरच्या मशीनवर नेऊन टिकवायचं आणि मागतील तेव्हा जशीच्या तशी परत आणायची, हे काम हाताने लिहीत बसलं तर माणूस म्हातारा होतो. म्हणून कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली आयती लायब्ररी घ्यायची. अशा लायब्रऱ्या ढिगाने मिळतात. अडचण मिळण्याची नाही, निवडण्याची आहे. लग्न जुळवताना होत नाही एवढी चर्चा आमच्या धंद्यात लायब्ररीवरून होते, आणि पुढे तक्रारीही साधारण त्याच प्रकारच्या असतात.

पहिली मी आणली ती आमच्या ऑफिसातल्या आर्किटेक्टच्या सल्ल्याने. हे गृहस्थ विटेला वीट लावत नाहीत. ते फक्त फळ्यावर चौकोन काढतात आणि त्यांना बाणांनी जोडतात. "शिडी असो की विमानतळ," ते म्हणाले, "तत्त्व एकच." त्यांची लायब्ररी फार मोठी, फार प्रसिद्ध, सगळं आपणहून करणारी. बाबांनी तिचं नाव पहिलवान ठेवलं.

रविवारी सकाळी डेपोत उद्घाटन झालं. दातांचे डॉक्टर मुद्दाम खाली आले, कारण शिडी नेहमी त्यांच्याकडेच असे. बाबांनी ऐटीत 'शिडी' या शब्दावर बटण दाबलं. कॉम्प्युटर घरघरला. मग धापा टाकू लागला. मग पडदा गोठला. आम्ही तिघे त्याच्याकडे बघत बसलो. वरून आईने चहा पाठवला, तोही संपला.

झालं होतं असं, की शिडी आणायला गेलेल्या पहिलवानाला शिडी सापडली, पण शिडी डॉक्टरांकडे, म्हणून त्याने डॉक्टरही उचलले. डॉक्टर आले तर त्यांचं घर हवं, घर आलं तर मजला, मजला आला तर समोरचे शेजारी, त्यांनी नेलेली करवत, करवतीचे पूर्वीचे सगळे मानकरी...

"शिडी मागितली," बाबा म्हणाले, "तर अख्खी बिल्डिंग खाली उतरली."

"माझी बायकोसुद्धा आली असेल का हो त्यात?" डॉक्टरांनी काळजीने विचारलं. ती माहेरी गेली होती.

मी आर्किटेक्टना फोन केला. त्यांनी सांगितलं, पहिलवानाला सगळं खायला देऊ नये, लागेल तेवढंच आणायला सांगावं. मग त्यांनी फोनवर चौकोन काढायला सुरुवात केली. बाबांनी फोन आपल्या डाव्या कानाला लावला आणि शांतपणे स्क्रू मोजू लागले.

दुसरी लायब्ररी आतेभावाने सुचवली. आतेभाऊ म्हणजे ज्याला कालची गोष्ट आज जुनी वाटते असा माणूस. "ताई, तू अजून स्वतःच्या घरी मशीन ठेवतेस? फ्रिजवर? लॅपटॉप?" तो असा बोलला, जणू मी फ्रिजवर म्हैस बांधली होती. त्याची लायब्ररी नवीकोरी, सुंदर, चार ओळींत काम. फक्त तिच्या कंपनीकडे नोंदणी करावी लागे. बाबांनी हौसेने अर्ज स्वतः भरला. संस्थेचं स्वरूप? डेपो. कार्यक्षेत्र? तळमजला ते पाचवा मजला. वापरणारे किती? यात सगळ्यांत लहान पर्याय होता 'दहा हजारांपर्यंत'. बाबांनी निरुपायाने तो निवडला.

दुसऱ्याच दिवशी कंपनीतून त्यांना फोन. "सर, एवढ्या मोठ्या डेपोसाठी आमचे वरिष्ठ तुमच्या वरिष्ठांशी बोलू इच्छितात."

"माझ्या वरिष्ठ आत भाजी निवडताहेत," बाबा म्हणाले. "हातातलं झालं की बोलतील."

आई खरंच बोलली. आईने त्यांना विचारलं की तुमची वस्तू बिघडली तर दुरुस्तीला माणूस घरी येतो का. नाही म्हणाले. मग आईने विचारलं की कंपनी उद्या बंद पडली तर आमच्या शिडीचं काय. विचारून कळवतो म्हणत त्यांनी फोन ठेवला. त्या आठवड्यात त्यांचं रोज एक पत्रक येऊ लागलं, दर पत्रकात अटी बदललेल्या. या लायब्ररीचं नाव पाहुणा पडलं: देखणा, गोड बोलणारा, आणि त्याच्या सरबराईत घरच्यांना स्वतःची कामं सुचेनात. पाहुण्याला आम्ही निरोप दिला.

तिसरी निवडली मी, माझ्या स्वतःच्या अकलेने. साधी, हलकी, जुन्या वळणाची. मागाल तेवढंच आणणारी, पण प्रत्येक गोष्टीसाठी माझ्या घरापर्यंत जाऊन येणारी. तिचं नाव पोस्टमन. पोस्टमन उत्तम चालला, मात्र बिल्डिंगीतलं नेट चालू असेल तोवर. आणि आमच्या बिल्डिंगीत कोणी लिफ्टचं बटण दाबलं तरी नेटला आकडी येते. नेट गेलं की बाबांच्या पडद्यावर ड्रिल अर्धंच उमटे.

"मला एक सांग," बाबा म्हणाले. "बस डेपोबाहेर पडली की ड्रायव्हर दर थांब्यावरून डेपोला फोन करतो का, की आता पुढे कुठे जाऊ? त्याच्या खिशात वेळापत्रक असतं. नेट असो नसो, इथे एक प्रत हवी. नेट आलं की ती आणि तुझ्याकडची प्रत आपसात बोलून घेतील."

"त्याने काम फार वाढेल बाबा."

बाबांनी मान वळवून मला डावा कान दिला.

म्हणून अखेर मी पहिलवानालाच परत आणलं, त्याचा खुराक बांधून दिला, आणि ज्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम असेल तिथे एक प्रत राहील अशी सोय केली. असे कॉम्प्युटर दोन: एक डेपोत, दुसरा डॉक्टरांकडे. सेक्रेटरींनाही विचारलं होतं, पण त्यांच्या कॉम्प्युटरवर महत्त्वाची कागदपत्रं असतात असं ते म्हणाले. महत्त्वाची कागदपत्रं आणि शिडी एका छपराखाली नांदू शकत नाहीत.

ऑफिसात मी दिवसभर अशा गोष्टी बनवते ज्यांचा वापर कोण करतं मला ठाऊक नसतं. इथे बाबा माझ्या खांद्यामागे उभे राहून दर ओळीला "हे कशाला?" विचारत. मी चिडायचे, समजावायचे, समजावता समजावता माझ्याच लक्षात यायचं की ती ओळ नकोच आहे. शुक्रवार आला की मी ऑफिसचं घड्याळ बघत बसायचे. शाळा सुटायच्या आधी मुलं बघतात तशी.

आता सभेच्या आदल्या दिवसाकडे येते. बाबांना जाऊन काही आठवडे झाले होते. डेपो बंद होता. सेक्रेटरींचा फोन आला.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. उद्या ठराव आहेच. तुमची ती कॉम्प्युटरची नोंद तुम्ही सभेपुढे ठेवणार म्हणे. ठेवा. पण नियम असा, की हयात नसलेली व्यक्ती कुठल्या पदावर दाखवता येत नाही. कोणी आक्षेप घेतला तर अख्खी नोंद बाद होईल. तेवढं नाव काढून टाका."

तेवढं नाव! मी माझ्या घरी लॅपटॉप उघडून बसले. बाबा पडद्यावर सगळ्यांत वर होते. रक्षक. खाली सगळी हत्यारं. मग मनाशी म्हटलं, हे एक तांत्रिक काम आहे, आणि अशी तांत्रिक कामं मी रोज करते. काढून टाका, असं बटण दाबलं. प्रोग्रामने विचारलं, 'खात्री आहे का?' हा प्रश्न मीच लिहिला होता. मी खात्री आहे म्हटलं.

पडद्यावर आलं: 'डेपो रिकामा आहे.'

शिडी नाही. ड्रिल नाही. पोपटपाना नाही, पाणसळ नाही. बाबांचा हट्ट होता की एका बटणात सगळं जतन झालं पाहिजे. म्हणून मी पहिलवानाला सांगून ठेवलं होतं, की रक्षकाचं जे होईल ते त्याच्या सगळ्या वस्तूंचं होऊ दे. त्याने ते शब्दशः मानलं. रक्षक गेला, त्याच्यामागे एकेक वस्तू निमूट निघून गेली. ही चूक कोणी करू नये म्हणून मी ऑफिसात नव्या पोरांना दर वर्षी तासभर व्याख्यान देते. त्यात एक मजेदार चित्रही दाखवते.

बॅकअप? बॅकअपवरही माझं व्याख्यान आहे. स्वतःच्या घरचा बॅकअप मात्र 'पुढच्या रविवारी' या ठिकाणी सुखरूप होता.

डेपोतला कॉम्प्युटर मी आदल्याच दिवशी चालू करून आले होते, म्हणजे तिथेही ही बातमी एव्हाना पोचली. आई खाली जाऊन बघून आली. "रिकामा आहे लिहिलंय," तिने फोनवर सांगितलं. "कोणी लिहिलं हे?"

माझी पाचावर धारण बसली. उद्या सेक्रेटरी म्हणणार, नोंद काकांच्या डोक्यात होती, आणि आता... पुढचं वाक्य मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

आणि एकदम आठवलं. डॉक्टर!

त्या शेवटच्या शुक्रवारी, मी निघाल्यावर, डॉक्टरांनी शेल्फ लावायला शिडी आणि ड्रिल नेलं होतं, आणि पहिलंच भोक त्यांनी नेमकं आपल्या नेटच्या वायरमधून पाडलं होतं. तेव्हापासून त्यांच्या घरी नेट नव्हतं. म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरला ही बातमी कळलेली नाही! तिथे बाबा आहेत, शिडी आहे, सगळं आहे! मी आनंदाने उडीच मारली, आणि उडी हवेत असतानाच दुसरी गोष्ट आठवली: वायर जोडणारा माणूस शनिवारी येणार, असं डॉक्टर म्हणाले होते. आज शनिवार. नेट आलं रे आलं की माझ्या लॅपटॉपचा निरोप तिकडे जाणार: सगळं पुसा. निरोप केव्हाच निघून वाटेत थांबला होता, लॅपटॉप बंद केला तरी तो परत फिरणार नव्हता.

मी फोन लावला. डॉक्टरांचा दवाखाना घरच्याच पुढच्या खोलीत. मागे यंत्र किरकिरत होतं.

"डॉक्टर, वायरवाला आलाय का?"

"आलाय ना! आतल्या खोलीत आहे, होतच आलंय. मोठं उघडा."

"काय उघडू?"

"तुम्हाला नाही हो, पेशंटला. बोला."

"त्याला थांबवा! नेट लावू देऊ नका!"

"काय? हे यंत्र चालू आहे, नीट ऐकू... थुंका."

फोन कटला. मी आईला लावला, बोलता बोलताच लॅपटॉप पिशवीत टाकला, चपला घातल्या. "आई, काही विचारू नकोस. डॉक्टरांकडे पळ. त्यांच्याकडे नेट येता कामा नये. आलं तर बाबांची सगळी नोंद जाईल."

"वायरवाल्याला सांगू?"

"त्याने ऐकलं तर सांग, नाहीतर काहीही कर!"

पुढचं मी रिक्षात बसून फोनवर ऐकलं. आईची पावलं, जिना, गुडघ्याला उद्देशून दोन शब्द. घंटा. मग एक करारी 'बाजूला व्हा'. मग खट्! आणि पेशंटची किंकाळी.

आईने डॉक्टरांच्या घराचा मेन स्विच बंद केला होता.

मी पोचले तेव्हा डॉक्टर दारात हातमोजे घालून उभे, वायरवाला हातात वायरचं टोक धरून अवाक्, खुर्चीवरचा पेशंट आ वासून अंधारात. आई स्विचबोर्डाखाली पाठ लावून उभी होती, किल्ला लढवल्यासारखी.

"तुला मेन स्विच कुठे ते कसं कळलं?" मी विचारलं.

"सगळ्या घरांत एकाच जागी आहे. तुझ्या बाबांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दाखवला होता. इतर नवरे काय दाखवतात ठाऊक नाही."

वायरवाला म्हणाला, जोडायला एक पेच राहिला होता फक्त. मी त्याचा हात हलवून आभार मानले. आभार कशाबद्दल ते त्याला कळलं नाही. मग वायर बाजूला काढून ठेवली, स्विच लावला, पेशंटचं काम पुढे सुरू झालं, आणि मी डॉक्टरांचा कॉम्प्युटर चालू केला. त्याने तक्रार केली की मागच्या वेळी नीट बंद केलं नव्हतं. मी त्याची माफी मागितली. आईने माझा खांदा धरला होता. पडदा उजळला.

सगळ्यांत वर बाबा. खाली शिडी, ड्रिल, करवती, सगळं जिथल्या तिथे.

"जागेवर आलं," आई म्हणाली.

जेवढं वाढीव काम बाबांच्या हट्टाखातर केलं होतं, बसच्या ड्रायव्हरच्या खिशातल्या वेळापत्रकासारखं, तेवढंच उरलं होतं. ती प्रत मी आधी पेन ड्राइव्हवर घेतली, मग आणखी एका पेन ड्राइव्हवर, मग माझ्या लॅपटॉपवर नीट बसवली, आणि मगच वायरवाल्याला त्याचा पेच पिळू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा. सेक्रेटरींनी ठराव वाचला. मी कॉम्प्युटर टेबलावर मांडला. "दाखवा एखादी वस्तू," ते म्हणाले. मी 'शिडी' वर बटण दाबलं. क्षणात शिडी आली, एकटी, बिल्डिंग न घेता. कोणाकडे? डॉक्टर, दुसरा मजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आमच्याकडे काय काय आहे बघा हो," असा एकच गलका झाला.

"पण ताई, ते नाव अजून आहे," सेक्रेटरी हळूच म्हणाले.

"ते नाव नाही," मी म्हणाले. "ते बाबा आहेत. त्यांना काढलं की काहीच राहत नाही. मी काल करून बघितलं."

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नियमाचं पुस्तक चाळल्यासारखं त्यांनी छताकडे बघितलं.

"माजी करा," ते म्हणाले. "माजी पदाधिकाऱ्याला कुठलाच नियम लागू होत नाही. तो कायम राहतो. नवा रक्षक कोण ते फक्त सांगा."

"मी," आई म्हणाली. "पोपटपाना कुठला ते आमच्या ह्यांना तरी कोण सांगायचं? मीच."

ठराव पडला. पार्सलं जिन्याच्या पहिल्या वळणावर राहतील असं ठरलं, आणि त्यांच्यासाठी शेल्फ ठोकायला सेक्रेटरींनी तिथल्या तिथे ड्रिल मागितलं. डॉक्टरांनी त्यांना वायरींबद्दल चार शब्द सुनावले.

दुपारी मी डेपोत स्टुलावर बसले. आई मागे शिडी टांगत होती. डॉक्टरांनी ती अखेर आणून दिली होती, रबरी बुटासकट. रक्षक या शब्दापुढे मी 'माजी' अशी नवी जागा केली. मग प्रोग्रामला आणखी एक गोष्ट हवी होती, कारण जागा मीच तशी लिहिली होती: काम सोडलं का? हो, की नाही?

बाबांनी काम सोडलं होतं. मी 'हो' वर बटण दाबलं. जतन झालं.

टेस्टिंगमधल्या त्या माणसाला मी ते वाक्य किती सहज म्हटलं होतं. खोलीत तेलाचा आणि लोखंडाचा वास होता. मी पडद्याकडे बघून हळूच म्हणाले, "बाबा, तुमच्याबरोबर काम करायला मला फार आवडलं."

मागे शिडीचा आवाज थांबला.

"मोठ्याने म्हण," आई म्हणाली. "ते कुठला कान देऊन बसलेत कोण जाणे."

मी उठून उभी राहिले, आणि जिन्यावरून जाणाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुन्हा म्हणाले, "बाबा, तुमच्याबरोबर काम करायला मला फार आवडलं!"